अकरा दिवे आणि एक साडू

घानातल्या या कुमासी शहरात दिव्यांच्या बाबतीत मला कोणी शहाणपणा शिकवू नये! तीन आठवडे अभ्यास केलाय मी. तो मी साडूवर जळून केला, असं आमची बायको सेर्वा म्हणते. साफ खोटं! ओचेरेच्या घरून आल्यापासून माझं जेवणावरून मन उडालं होतं, इतकंच.

ओचेरे म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा. त्यानं घरभर स्मार्ट स्विच बसवले. सोफ्यावर तंगड्या पसरायच्या, फोनवर बोट ठेवायचं, की दिवा बंद! सासरे हरखून म्हणाले, "वा, धाकटे जावई, वा!" मला बारा वर्षांत एक 'वा' मिळालेला नाही. त्यात सासऱ्यांची सत्तरी जवळ आलेली. सोहळा कोणत्या जावयाच्या घरी, हे ते दोन्हीकडे जेवून ठरवणार होते. ओचेरेकडे जेवून झालं होतं!

मी तडक इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

"तुम्हीही स्विचच घ्या," तो म्हणाला. "एक स्विच खोलीतले सगळे दिवे सांभाळतो. स्मार्ट बल्बचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. आणि आपल्याकडच्या विजेचं तुम्हाला माहीतच आहे."

"स्विचनं दिव्याचा रंग बदलतो?"

"नाही."

"आणि बल्बचा?"

"हवा तो."

"मग बोलणंच खुंटलं! बल्ब!"

अकरा बल्ब आणले. भिंतीवरच्या सगळ्या बटणांना चिकटपट्टी लावली. सेर्वा म्हणाली, "अहो, मलाही एक पट्टी लावा तोंडाला, म्हणजे मी काही बोलायला नको."

रविवारी संध्याकाळी सासरे आले. मागोमाग ओचेरे आणि मेहुणी. सेर्वानं फुफूचे मऊ गोळे आणि हातानं बुडवून खायचं बकऱ्याचं सूप वाढलं. ओचेरेनं सगळ्यांच्या आधी चाटूनपुसून वाडगं संपवलं, हात धुतले आणि फोन काढला.

"साडूभाऊ, वायफायचा पासवर्ड द्या ना. तुमचे बल्ब माझ्या स्विचच्याच कंपनीचे दिसतायत."

म्हटलं, घे लेका, तूही बघ! दिला पासवर्ड. मग डाव्या हातानं फोन चालवून घर जांभळं केलं, हिरवं केलं. सासरे भारावून बघत होते. त्यांचं तोंड उघडलं. 'वा' आता येणार, येणार... आणि वीज गेली!

सासरे झटकन उठले. चाळीस वर्षं वीज खात्यात खांबांवर चढलेला माणूस! थेट फाटकाजवळच्या मीटरपाशी जाऊन त्यांनी मेन स्विच बंद केला. दहा मिनिटांनी गल्लीत एकच ओरडा झाला, "आली! आली!"

"पहिली वीज घरात घ्यायची नसते," सासरे बाहेरून म्हणाले. "आधी तिला चाचपायचं!" आणि त्यांनी मेन स्विच चालू केला. बंद केला. चालू केला. "डळमळतेय!" पुन्हा बंद, चालू, बंद, चालू, बंद! चार वेळा झालं!

मला एकदम आठवलं. बल्बच्या खोक्यातल्या कागदावर ठळक छापलं होतं: पाच वेळा भराभर बंद-चालू केल्यास बल्ब जुन्या मालकाला विसरतो आणि नवा शोधतो!

"बाबा, नको!" मी उष्ट्या हातानं उठलो, अंधारात डावा हातही सुपाच्या वाडग्यात गेला, तसाच धावलो.

"मला वीज शिकवता, जावईबापू?" खट्! पाचवी वेळ!

अकराही बल्ब फडफडू लागले. मी खिशातून फोन काढला, तर दोन्ही हात सुपानं बरबटलेले. काच बोटाला दादच देईना!

"सेर्वा, पाणी आण! हात धुवायला पाणी!"

तेवढ्यात ओचेरेच्या फोननं टिंग केलं. "साडूभाऊ, अकरा नवे बल्ब सापडलेत म्हणतोय. जोडू का?"

"नाही! अजिबात नाही!"

"अरेरे. जोडले."

दिवे फडफडायचे थांबले. घर लख्ख उजळलं. सासरे दारात उभे.

"हे कोणी केलं?"

"मी," ओचेरे म्हणाला. "आता साडूभाऊंचे दिवे माझ्या फोनवर चालतात."

मी भांडायला तोंड उघडलं. पण सासऱ्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. म्हातारा गहिवरला होता! "आपल्या घराचे दिवे धाकट्याच्या हाती दिलेत? वा, थोरले जावई, वा! ठरलं, माझी सत्तरी याच घरात!"

मिळाला! बारा वर्षांनी 'वा' मिळाला! आता दिवे परत मागितले, तर तो 'वा' परत जाणार आणि सत्तरी ओचेरेच्या घरी. सेर्वानं स्पष्ट बजावलंय, "सोहळा होईस्तोवर गप्प बसा."

बसलोय गप्प. ओचेरे तिकडून मनाला येईल तेव्हा दिवे घालवतो आणि वर कळवतो, "साडूभाऊ, तुमची वीज वाचवली!"

तर सांगायचं काय, की मी मुळीच जळत नाही... थांबा हं. गेले पुन्हा. ओचेरेला फोन लावतो, लिहिलेलं दिसेना झालंय.