येलहंक्यातलं इस्तंबूल

इस्तंबूलची हवा छान आहे, संध्याकाळी स्वल्प गार वारा सुटतो, असं दत्ता येलहंक्याच्या एसटीडी बूथमधून आपल्या वहिनींना सांगत होता. तेवढ्यात बूथच्या दारातच भाजीवाली ओरडली, “सोप्पु! सोप्पूऽऽ!”

“अय्यो भावजी,” पलीकडून अंबूबाई म्हणाल्या, “तिकडेही पालेभाजीला सोप्पुच म्हणतात?”

दत्ताला घाम फुटला. “सोप्पु नाही वहिनी, सोप! तुर्की बाई साबण विकतेय. इथला साबण फार प्रसिद्ध आहे.”

“सरी, मग येताना दोन जुड्या आणा,” असं म्हणून अंबूबाईंनी फोन ठेवला. दत्ताने सुटकेचा निःश्वास सोडला. वहिनी साध्या होत्या, हे त्याचं नशीब.

खरं तर इस्तंबूलला जायचंच होतं. दत्ताने कारखान्यातून आणि प्रमोदिनीने शाळेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि पाठीवर पिशव्या टाकून पाच महिने जग बघायचं ठरवलं, तेव्हा बसवनगुडीतल्या सगळ्या नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता. सगळ्यात जोरात हात आप्पाजींचा. दत्ताचे हे थोरले बंधू म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. निरोपाच्या जेवणात पंगतीतच ते म्हणाले, “पन्नाशी उलटलेली माणसं पाठीवर गोणी घेऊन हिंडतात का? पंधरा दिवसांत परत येतील.”

दत्ताने हातातला घास खाली ठेवला. “पाच महिने, अण्णा! त्याआधी आलो तर या गल्लीत तोंड दाखवणार नाही.”

चार महिने सगळं झकास पार पडलं. मग बुडापेस्टच्या एका हॉस्टेलात, दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर चढताना दत्ताची कंबर धरली, ती पायऱ्यांवरच. त्याला खाली उतरवायला दोन ऑस्ट्रेलियन मुली आणि एक जपानी गृहस्थ लागले. डॉक्टरांनी ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलं. पुढे फक्त तुर्कस्तान राहिलं होतं, आणि नेमकं तेच प्रमोदिनीला बघायचं होतं. बाकीचा युरोप तिच्या लेखी इस्तंबूलला जायचा रस्ता होता. पण ती एवढंच म्हणाली, “सरी, चला घरी,” आणि दोन्ही पिशव्या स्वतः भरायला बसली.

घरी जाणार कसं? गल्लीत तोंड न दाखवण्याची प्रतिज्ञा पन्नास पानांच्या साक्षीने झालेली. शेवटी दत्ताच्या कारखान्यातला मित्र नंदकिशोर धावून आला. तो मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेला होता आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्यात, त्याची भाड्याची माडी रिकामी होती. खाली राहणाऱ्या घरमालकांना, मंजुनाथांना, त्याने फोनवर सांगून टाकलं की नागपूरचे नातेवाईक येताहेत.

मंजुनाथ हवाई दलातून निवृत्त झालेले, उत्साही गृहस्थ. त्यांनी दारातच विचारलं, “कन्नड बरुत्ता?”

नागपूरहून आलेल्या माणसाला कानडी कशी येईल? दत्ता घाईघाईने म्हणाला, “नहीं जी, बिलकुल नहीं.”

जन्मापासून कानडी बोलणाऱ्या माणसाने हे म्हणायला नको होतं. मंजुनाथांचे डोळे चमकले. कानडी न येणारी दोन माणसं, थेट स्वतःच्या माडीवर! दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्ची घेऊनच वर आले.

“बोला, नीरु. नीरु म्हणजे पानी.”

“निर्रू,” दत्ता म्हणाला.

“अंहं. जीभ हलकी ठेवा. मॅडम, तुम्ही बोला.”

“नि... नी... नूरी?” प्रमोदिनी म्हणाली. पंचवीस वर्षं कानडी शाळेत गणित शिकवलेल्या त्या बाईला कधी नव्हे तो नापास होण्यातला आनंद मिळत होता. मंजुनाथ हताश होऊन खाली आपल्या बायकोला कानडीत ओरडून सांगायचे, “बाई साधीभोळी आहे गं, पण नवरा अगदीच मठ्ठ!” आणि मठ्ठ नवऱ्याला हे ऐकून चेहरा कोरा ठेवावा लागायचा.

मठ्ठपणाचा अपमान फार दिवस सोसवला नाही, तिथेच घोटाळा झाला. एका सकाळी इडली-सांबाराचा डबा घेऊन आलेले मंजुनाथ पुन्हा ‘मठ्ठ’ म्हणाले, तेव्हा दत्ताच्या तोंडून एक अख्खं, व्याकरणशुद्ध कानडी वाक्य निघून गेलं, “आज सांबार फार छान झालंय, डाळ कुठून आणता?”

प्रमोदिनीने डोळे मिटले. मंजुनाथ मात्र खुर्चीतून उठले आणि त्यांनी दत्ताला मिठीच मारली. कंबर कळवळली. “दोन आठवड्यांत! माझ्या हाताखाली!” ते ओरडत जिना उतरले.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली. नोव्हेंबर महिना होता, कन्नड राज्योत्सवाचे मांडव जागोजागी होते. रविवारी सकाळी गल्लीच्या मांडवात, दोन आठवड्यांत कानडी शिकलेल्या नागपूरच्या दांपत्याचा सत्कार ठरला.

“मला ताप आलाय म्हणून सांग,” दत्ता म्हणाला.

“सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टर घेऊन येतो.”

“मग इथून पळू या.”

“पळा,” प्रमोदिनी शांतपणे म्हणाली. “कंबर धरून किती लांब जाताय ते मी खिडकीतून बघते.”

रविवारी लाल-पिवळ्या पताकांखाली दोघे हार घालून, आणि दत्ता वर फेटा बांधून, व्यासपीठावर बसले. येलहंक्यात आपल्याला ओळखतो कोण, असं दत्ता मनाला समजावत होता. तेवढ्यात मंजुनाथांनी माइक हातात घेतला. “आपले आजचे प्रमुख पाहुणे, बसवनगुडीचे ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ...”

मांडवाच्या दारातून आप्पाजी येत होते.

दत्ताने फेटा कपाळावर ओढला. तो नाकापर्यंत आला. प्रमोदिनी हारातली फुलं न्याहाळू लागली. आप्पाजी शाल उघडून समोर आले आणि तसेच थांबले. शालीची दोन टोकं हवेतच राहिली. मांडवात सगळे टाळ्या वाजवत होते.

“कन्नड...” आप्पाजींनी घसा साफ केला. “कन्नड बरुत्ता?”

“स्वल्प स्वल्प,” फेट्याखालून आवाज आला.

आप्पाजींनी शाल घातली, जरा जास्तच घट्ट. मग परप्रांतीयांची चिकाटी या विषयावर त्यांनी मोठं भाषण केलं. त्यात ‘मंदबुद्धी माणूससुद्धा’ हे शब्द वारंवार आले.

कार्यक्रम संपल्यावर मांडवामागे, स्वयंपाकाच्या पातेल्यांपाशी त्यांनी दत्ताला गाठलं.

“अण्णा, माझी कंबर... म्हणजे मी सगळं सांगतो...”

“काही सांगू नको. तू इथे नाहीस. इस्तंबूलला आहेस. आणि तिथेच राहा!”

आप्पाजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुझ्या झाडांना पाणी घालायला मी रोज दुपारी तुझ्या घरी जातो ना? हंबीरराव आणि मंडळी येतात. रमीचा डाव पडतो, भजी येतात. चाळीस वर्षांत अशी मजा केली नाही रे मी. अंबूला वाटतं, मी झाडांची सेवा करतोय. तू आत्ता उगवलास तर सगळं बंद.” मग मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर चक्क विनवणी आली. “ठरलेल्या दिवशीच ये. जमलं तर इजिप्तसुद्धा बघून ये.”

इजिप्त काही झालं नाही, पण ठरलेल्या दिवशी दोघे पाठीवर पिशव्या लावून रिक्षातून बसवनगुडीत उतरले. विमानतळावर कोणी जायचं नाही, दमून येतील, असा हुकूम आप्पाजींनीच काढला होता. त्याच पंगतीच्या माणसांसमोर त्यांनी स्वतः हार घातला. “पाच महिने म्हणाला आणि पाच महिने राहिला! माझा भाऊ आहे!”

जेवणं झाली. दत्ताने इस्तंबूलच्या मशिदींचं असं वर्णन केलं की त्याचं त्यालाच तिथे गेल्यासारखं वाटू लागलं. आप्पाजी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. मग अंबूबाई पदराला हात पुसत माजघरातून बाहेर आल्या.

“भावजी, पुरे झालं. घसा दुखेल तुमचा,” त्या म्हणाल्या. “मी पारपत्र काढून घेतलंय. पुढच्या महिन्यात मी आणि प्रमोदिनी निघतोय. तिचं तुर्कस्तान राहिलंय ना.”

“राहिलंय म्हणजे?” दत्ताने कसंबसं विचारलं.

प्रमोदिनी पानाला चुना लावत होती. तिने मान वर केली नाही. “येलहंक्यात उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंबूअक्कांना फोन केला होता. मला कोणाशी तरी बोलायचं होतं. तुम्ही फार कण्हत होतात.”

“म्हणजे अंबू, तुला सगळं...” आप्पाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

“सगळं,” अंबूबाई म्हणाल्या. “भज्यांचा वाससुद्धा. रोज झाडांना पाणी घालून शर्टाला तेल कसं लागतं हो?” त्यांनी कोपऱ्यातली प्रमोदिनीची पिशवी उचलून स्वतःच्या खांद्यावर चढवून पाहिली, पट्टे घट्ट केले आणि ओसरीवर दोन फेऱ्या मारल्या. “सरी. हलकी आहे. कोण म्हणतं गोणी?”

दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून त्यांच्याकडे बघत होते.

“अण्णा,” दत्ता हळूच म्हणाला, “तुम्हाला भात लावता येतो?”