पहिला क्रमांक गुप्त आहे

‘स्फटिक’ राष्ट्रीय रसायनशास्त्र स्पर्धेत यंदा एका विद्यार्थ्याने पहिला क्रमांक पटकावला, असे स्पर्धेच्या संकेतस्थळावर सोमवारी रीतसर जाहीर झाले. विद्यार्थी कोण, हे त्याच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी गुप्त ठेवण्यात आले होते.

बर्लाद गावात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कोर्नेल बुरलाकूला मात्र तो विद्यार्थी कोण हे पक्के ठाऊक होते. ती त्याचीच मुलगी रुक्सांद्रा होती. सकाळी दहाला निकाल लागला तेव्हा यादीत नावांऐवजी निदान सांकेतिक क्रमांक तरी होते, आणि परीक्षेच्या वेळी तिला मिळालेल्या चिठ्ठीवरचा क्रमांक सर्वांत वर होता. अठ्ठ्याण्णव गुण. कोर्नेलने आठव्या मजल्यापासून तळापर्यंत प्रत्येक दार वाजवून बातमी दिली. दुपारी दोनला खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला दाखवायला त्याने यादी पुन्हा उघडली, तर क्रमांकही गायब. प्रत्येकाच्या जागी पाच फुल्या.

पूर्वी निकालाचा कागद शाळेच्या फाटकावर चिकटवत. अख्खे गाव तिथे लोटायचे, कोण कितवा आला ते वाचायचे आणि वर्षभर तोंडात घोळवायचे. मग माहिती जपण्याचा कायदा आला. आधी आडनाव गेले, मग नाव गेले. यंदा दोन मुलांनी मधल्या सुट्टीत एकमेकांना चिठ्ठ्या दाखवल्याचे उघडकीस आले आणि क्रमांकही धोकादायक ठरला. कोणता क्रमांक कुणाचा, याची वही त्याच दुपारी यंत्रात घालून तिच्या बारीक पट्ट्या करण्यात आल्या. कार्यालयाने या तत्परतेबद्दल स्वतःचे लेखी अभिनंदन केले.

पहिल्या तिघांना बुखारेस्टच्या निवासी विज्ञान विद्यालयात परीक्षेविना प्रवेश होता. नावे शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवायची होती. रुक्सांद्राला तिथे जायचेच होते, कारण बर्लादच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत मुख्याध्यापकांनी खारवलेल्या कोबीची पिंपे ठेवली होती आणि वर्षभरातला एकमेव प्रयोग तोच चालू होता.

“तू काळजी करू नकोस,” कोर्नेल म्हणाला. “अडकलेल्या प्रत्येक गोष्टीत कुठेतरी एक सैल स्क्रू असतो. तो शोधायचा.”

“बाबा, तो स्क्रूसुद्धा त्यांनी गुप्त ठेवला असेल,” रुक्सांद्रा म्हणाली.

मंगळवारी तो स्पर्धेच्या कार्यालयात पोचला. तिथली खिडकी, आपल्याकडच्या सगळ्या सरकारी खिडक्यांप्रमाणे, कमरेच्या उंचीवर होती, म्हणजे नागरिकाला वाकल्याशिवाय बोलता येऊ नये. आत माहिती संरक्षण अधिकारी श्रीमती स्तांचू बसल्या होत्या.

“मॅडम, मी कोर्नेल...”

“थांबा!” बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. “नाव सांगू नका! मागे रांग आहे.”

“बरं. पहिला नंबर माझ्या मुलीचा आहे.”

“असेल. कुणाचा आहे ते आम्हांला माहीत नसतं. त्याच कामाचा आम्हांला पगार मिळतो.”

“अहो, पेपर तुम्हीच तपासलेत ना?”

“तपासले. मग विसरलो. नियमानुसार.”

कोर्नेलने खिशातली चिठ्ठी पुढे केली. बाईंनी ती हातात न घेता लांबूनच पाहिली. “हा क्रमांक आमच्या यादीत नाही,” त्या म्हणाल्या. “आता कुणाचाच नाही. तुम्ही रीतसर ओळख पटवण्याचा अर्ज करा.” आणि त्यांनी लागणाऱ्या कागदांची यादी सरकवली. मुलीचा जन्मदाखला, आईवडिलांची ओळखपत्रे, लग्नाचा दाखला, दोन्हीकडच्या आजीआजोबांचे दाखले, घराचा करारनामा, रक्तगट, चार फोटो. सगळ्याच्या झेरॉक्स, प्रत्येक पानावर ‘मूळ प्रतीप्रमाणे’ असे लिहून सही, आणि सगळे पत्र्याच्या पट्टीच्या पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये.

“एवढं सगळं कशाला?”

“अहो गृहस्थ, तुमची माहिती जपायची तर आधी ती आमच्याकडे नको का?”

बाहेर येऊन कोर्नेलने यादीचा कागद उलटला. मागे कुणा वासिले झाम्फिर नावाच्या माणसाच्या ओळखपत्राची झेरॉक्स होती. फोटो, पत्ता, जन्मतारीख, सगळे स्पष्ट. कार्यालय कागद वाया घालवत नव्हते.

बुधवारी तो फाइल आणि कॉफीचे पुडके घेऊन हजर झाला. बाईंनी आधी पुडके पाहिले. “पिशवीवर नाव नाही ना?” त्यांनी विचारले. नव्हते. “मग ठीक आहे,” म्हणून ते टेबलाखाली गेले आणि फाइल मागच्या व्हरांड्यात गेली. तिथे तशाच फाइलींचा ढीग छताला टेकला होता, आणि दार उघडे राहावे म्हणून त्याला कचऱ्याची बादली टेकवली होती.

“आता?”

“आता तुमची मुलगी पहिली आहे हे ठरवायचं, म्हणजे बाकीची दोनशे सतरा मुलं पहिली नाहीत हेही उघड होणार. ती त्यांची वैयक्तिक माहिती झाली. त्यांची लेखी संमती आणा.”

“आणतो. त्यांची नावं द्या.”

“नावं गुप्त आहेत.”

“मग संमती आणू कुणाची?”

“ते आम्ही कसं सांगणार? तुम्ही कुणाला भेटता ही तुमची खाजगी बाब आहे.” बाईंनी खिडकीची फळी सोडली. ती कोर्नेलच्या बोटांपासून दोन इंचांवर पडली.

त्या संध्याकाळी रुक्सांद्रा जेवली नाही. कोर्नेलला ते सोसवेना. चौदा वर्षांत तिने त्याच्याकडे पहिल्यांदाच काही मागितले होते, आणि तेही बक्षीस नव्हे, स्वतःचेच नाव.

गुरुवारी तो एका लिफ्टच्या टपावर बसून ग्रीस लावत असताना फोन वाजला.

“नमस्कार, कोर्नेल बुरलाकू ना? मी मिरुना बोलतेय, शिकवणी वर्गातून. रुक्सांद्राचं पहिल्या क्रमांकाबद्दल खूप खूप अभिनंदन! दोन गुण गेले ते क्षारांच्या चौथ्या प्रश्नात, बरं का. त्यासाठी आमचा खास वर्ग आहे.”

कोर्नेलच्या हातून ग्रीसचा डबा निसटला आणि सहा मजले खाली गेला. “तुम्हांला कसं कळलं?”

“आम्ही स्पर्धेच्या चारशे बारा विश्वासू भागीदारांपैकी एक आहोत, काका. गुडघा कसा आहे? परवा रात्री मलम शोधत होतात.”

“अगं पण कुणाच्या परवानगीनं?”

“तुमच्याच की! सोमवारी दहा वाजून तीन मिनिटांनी निकाल बघताना ‘सर्व मान्य’ दाबलंत. त्याच्याआधी चौसष्ट पानांचं धोरण होतं. तुम्ही ते पाऊण सेकंदात वाचलंत.” मिरुनाच्या आवाजात खरेच कौतुक होते. “लाजू नका, सगळे तेवढ्यातच वाचतात.”

कोर्नेलने तिला जे काही सुनवले ते छापण्याजोगे नाही. मग तो थांबला. हाच तो सैल स्क्रू होता. “पोरी,” तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, “हे सगळं मला कागदावर लिहून देशील? शिक्क्यासकट?”

“देते की. पण कुणाला दाखवायला?”

“स्पर्धेच्या कार्यालयाला. पहिलं कोण आलं, ते त्यांना सांगायचंय.”

शुक्रवारी साडेअकराला श्रीमती स्तांचूंनी तो कागद उजेडात धरला. त्यावर रुक्सांद्राचे नाव होते, गुण होते, उत्तरपत्रिकेचे चित्र होते, चपलेचे माप होते आणि खाली गोल निळा शिक्का होता. बाईंनी शिक्क्यावरून बोट फिरवले. शाई लागली, तेव्हा त्यांचे समाधान झाले.

“खाजगी कंपनीचं आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे नोंदी व्यवस्थित असणार. बसा.” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, “अहो, त्यांच्याकडे आमची मागची मुलंही असतील का हो? तीन वर्षांची पदकं कपाटात पडून आहेत. कुणाची ते कळायला मार्गच नाही.”

“विचारून बघा. फोन नंबर देऊ का?”

“नको, नको. त्यांच्याकडे माझा असेलच.”

पावणेबाराला बाईंनी विद्यालयाच्या प्रवेशाचा दुवा पाठवला. बारापर्यंत जागा पालकांनी स्वतः पक्की करायची होती. कोर्नेल बाहेरच्या पायरीवर वाट पाहत असलेल्या रुक्सांद्राशेजारी बसला आणि फोन उघडला. पडद्यावर विद्यालयाचे माहिती धोरण आले. एकाहत्तर पाने.

“दाबा ना बाबा,” रुक्सांद्रा म्हणाली.

“नाही. आता डोळे उघडलेत माझे. यावेळी वाचूनच दाबणार.”

तो वाचू लागला. बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत. पहिले पान झाले, दुसरे झाले. तिसऱ्या पानावर भागीदारांची यादी सुरू झाली तेव्हा बाराला चार मिनिटे होती. रुक्सांद्राने त्याची बाही घट्ट धरली होती. इतक्यात अक्षरे नाहीशी झाली आणि पडद्यावर लाल चौकट आली.

‘आपण हे धोरण वाचत असल्याचे आढळले आहे. हे मानवी वर्तनाशी सुसंगत नाही. सुरक्षेसाठी आपला प्रवेश थांबवण्यात येत आहे. आपण यंत्र नसून माणूस असल्यास खालील बटण ताबडतोब दाबा.’

खाली एकच बटण होते. त्यावर ‘सर्व मान्य’ असे लिहिले होते.

कोर्नेलने मुलीच्या तोंडाकडे पाहिले आणि बटण दाबले.

‘धन्यवाद,’ पडदा म्हणाला. ‘आपण माणूस आहात. रुक्सांद्राची जागा पक्की झाली आहे.’

रुक्सांद्राने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि ती रडू लागली. कोर्नेलचेही डोळे भरून आले. माणूस असल्याचा आता सगळीकडे चालणारा हा एकच पुरावा त्याने दिला होता. तुम्ही तो आज सकाळी कितव्यांदा दिलात, त्याची नोंद मिरुनाकडे आहे.