बत्तीस होऊ द्या

गज्जूभाऊच्या दाराची बेल वाजवली, की बरोबर पंधरा-सोळा सेकंदांनी दार उघडतं. आधी नाही, नंतर नाही. माणूस दाराच्या पलीकडे येऊन उभा आहे हे जाळीतून स्पष्ट दिसतं. त्याची बोटं मांडीवर ठोका धरत असतात. बत्तीस ठोके झाले की कडी निघते आणि हा प्रसन्न चेहऱ्यानं म्हणतो, "या काकाजी. मधात घुसाचं नसते ना, म्हणून थांबलो."

नालवाडीत आमची घरं जोडून आहेत. मधली भिंत एकच, आणि तीही एकेरी विटेची. गज्जूभाऊ डीजे आहे. वर्ध्यात डीजे म्हटलं की वरातीपुढची गाडी डोळ्यांसमोर येते. पोटासाठी तो तेही करतो, पण त्याचा जीव अडकलाय हाउस म्युझिकमध्ये. ऐन तारुण्यात तो गोव्याला एका हॉटेलात लायटिंगच्या कामाला गेला, तिथे हे खूळ डोक्यात शिरलं, आणि सहा वर्षांनी परतला तो ते खूळ सोबत घेऊनच. आता पन्नाशी उलटली, गुडघे बोलतात, उजव्या कानात सारखी शिट्टी वाजते, पण खूळ आहे तसंच आहे.

हाउस म्हणजे काय, हे त्यानं मला किमान दहा वेळा समजावलंय. मला समजलं ते असं: एकसारखा धप-धप-धप-धप ठोका. शब्द नाहीत, असलेच तर एकच ओळ चाळीसदा. एक गाणं सात मिनिटांचं, आणि दुसरं गाणं पहिल्यात अशा बेतानं मिसळायचं की सांधा दिसू नये. ते मिसळायचं बत्तीस ठोके पुरे झाल्यावरच. "चोविसावर घुसला तर गेलं सारं. बत्तीस होऊ द्या," हे त्याचं ब्रह्मवाक्य.

हा नियम गाण्यापुरता राहिला असता तर माझी तक्रार नव्हती. पण एकदा आम्ही दोघं हिंगणघाटला निघालो होतो. गाडी थांब्यावर लागली, मी चढलो, आणि मागे वळून पाहतो तर हा खाली उभा, बोटं मांडीवर. गाडी सुटली. मी खिडकीतून ओरडलो तर तो हातानंच "चालू द्या" म्हणाला. पुढच्या गाडीनं दीड तासानं आला आणि वर मलाच म्हणतो, "तुमची घाईच लय, काकाजी."

अल्लीपूरच्या वरातीत तर कहर झाला. टळटळीत दुपार, नवरदेव घोड्यावर, पोरं नाचायला अंग मोकळं करून तयार. गज्जूभाऊनं हळूच आपल्या आवडीचं हाउस लावलं. धप-धप-धप-धप. लोक हात वर करून उभे राहिले. मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. सगळे गाणं सुरू व्हायची वाट पाहतायत. शेवटी नवरदेवाचा मामा गाडीवर चढला.

"काऊन बे, गाणं कधी लावतं?"

"लागलंच आहे, मामाजी."

"हे?"

"सात मिनिटांचं आहे. तीन राह्यले."

मामानं स्वतःच बटण दाबून ते बंद केलं. कोणी शेवटपर्यंत ऐकून घेत नाही, हे गज्जूभाऊचं जन्माचं दुःख. वीस-बावीस वर्षांत या जिल्ह्यात एकाही माणसानं त्याचं एकही गाणं पुरं होऊ दिलं नाही, असं तो सांगतो. मीही त्यातलाच, हे कबूल करायला हवं.

कारण माझा रविवार. मी वीज खात्यातून रिटायर झालो. आयुष्यभर लोकांना बटणं बंद करा म्हणून सांगत फिरलो, ती सवय अंगात मुरली. विनाकारण चालू असलेलं काही दिसलं की माझा हात आपोआप तिकडे जातो. देवघरातला बारका बल्ब मी दोनदा बंद केला, तेव्हापासून बायको मला तिकडे फिरकू देत नाही. आता माझी एकच हौस उरलीय, रविवारची दुपारची झोप. आणि नेमकं रविवारी दोन ते चार गज्जूभाऊ मोबाइल समोर ठेवून आपलं वाजवणं लाइव्ह करतो. भिंत एकेरी विटेची, हे मी सांगितलंच.

त्याची बायको मंदा होती तेव्हा आम्हाला थोडा आधार वाटायचा. गाणं सुरू असताना तिकडून मधूनच लाटणं ओट्यावर आपटल्याचा आवाज यायचा. माझी बायको म्हणायची, "पाहा, तीही कंटाळली बिचारी." मंदा गेली त्याला तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही. त्यानंतर लाटण्याचा आवाज बंद झाला, धप-धप मात्र चालूच राहिलं.

एकदा मी वैतागून विचारलं, "अरे, पण ऐकतं कोण हे?"

"एक जण आहे," तो म्हणाला.

"एकच?"

"एकच. पण पक्कं माणूस आहे. एक रविवार चुकत नाई. कान लय तयार आहे. त्याच्यासाठी वाजवा लागते, काकाजी. मी तर सारं विकाले काढलं होतं, पण तो एक आकडा दिसते ना, मंग हिंमत येते."

मागच्या जानेवारीत अंगात सणसणून ताप असताना, कानटोपी घालून त्यानं दोन तास वाजवलं. त्या एका माणसासाठी. तेव्हा मी ठरवलं, की हा माणूस शोधायचा आणि त्याला हात जोडून सांगायचं, बाबा रे, तू ऐकणं सोड, म्हणजे हाही सुटेल आणि मीही.

मे महिन्यातला रविवार होता. उकाड्यानं त्यानं दार उघडंच टाकलं होतं, म्हणून त्या दिवशी बत्तीस मोजावे लागले नाहीत. त्या माणसाचा पत्ता विचारायला मी आत गेलो. गज्जूभाऊ कानाला हेडफोन लावून मान हलवत होता. समोरच्या मोबाइलवर त्याचंच तोंड, आणि कोपऱ्यात ऐकणाऱ्यांचा आकडा, एक. त्यानं मला हातानं थांबायला सांगितलं. घसा कोरडा पडला होता, म्हणून मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

माठाशेजारी ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकवून, एक जुना मोबाइल उभा होता. चार्जर लावलेला. काच तडकलेली. त्यातून तेच धप-धप बारीक आवाजात येत होतं. आसपास कोणी नाही. ही नासाडी पाहून माझा हात गेलाच. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग मोबाइलही बंद करून टाकला.

मी पेला माठात बुडवला आणि बाहेरचं गाणं थांबलं. मधातच. मी घाबरलो. इतक्या वर्षांत ते असं कधी थांबलं नव्हतं.

गज्जूभाऊ दारात येऊन उभा राहिला. त्याची नजर ओट्यावर होती.

"तुम्ही बंद केला काय, काकाजी?"

"विनाकारण चालू होता म्हणून..."

"मंदाचा आहे," तो म्हणाला. "तिले मोठ्या आवाजानं डोकं दुखे. म्हणून ती हितं मोबाइलवर बारीक आवाजात ऐके. पोळ्या करता करता. मी मधात घुसलो का लाटणं आपटे. गाण्यातलं तिले काई समजत नव्हतं, पण बत्तीस बरोबर मोजे." त्यानं भिंतीवरचं बटण पुन्हा सुरू केलं. "आता मीच लावून ठेवतो दर रविवारी. शून्यावर वाजवता येत नाई हो. हात उचलत नाई."

मी पेला खाली ठेवला. ज्या माणसाला शोधून मी ऐकणं सोडायला लावणार होतो, त्याला मी नुकतंच बंद केलं होतं. मी तो मोबाइल पुन्हा चालू करायला गेलो, तर कुठलं बटण दाबायचं तेच सापडेना. गज्जूभाऊनंच तो माझ्या हातातून घेतला, चालू केला, काच शर्टानं पुसली आणि डब्याला टेकवला. "बसजा तुम्ही, पाणी प्या," एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी दोनला मी झोपलो नाही. नातवानं कधीतरी शिकवलं होतं तसं मोबाइलवर गज्जूभाऊला शोधलं आणि भिंतीला पाठ टेकून बसलो. बायको म्हणाली, "अवो, तुम्हाले झालं काय?" मी तिला शेजारी बसवलं. कोपऱ्यातला आकडा दोन झाला. गज्जूभाऊनं एकदा डोळे बारीक करून तिकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

आम्ही दोघं मोजत होतो. पहिलं गाणं उतरत आलं होतं आणि दुसरं चढायचं होतं. त्याचं लक्ष बहुधा त्या आकड्यावरच असावं. वीस, एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस... आणि हा घुसला की मधात! मला, वीज खात्यातल्या माणसालाही ते कानात खडा लागल्यासारखं लागलं.

बायको उठली आणि आतून लाटणं घेऊन आली. मी भिंतीवर एकदाच आपटलं.

"हो वं, समजलं, समजलं," मोबाइलमधून गज्जूभाऊचा आवाज आला. अगदी सवयीनं, मान वर न करता. मग त्याचे हात थांबले. त्यानं भिंतीकडे पाहिलं. मी लाटणं मांडीवर ठेवलं. बायकोनं पदर डोळ्यांना लावला.

मग त्यानं मान खाली घातली, बोटं मांडीवर आणली, बत्तीस मोजले आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. सात मिनिटांचं होतं. आम्ही ते पुरं होऊ दिलं.