मॉनिटरचं नाव फळ्यावर

मास्तरांचं नेट फक्त एक दुपार बंद करायचं, एवढंच मी ठरवलं होतं. तासाभराचं काम. त्यांनी मोबाईल हलवावा, चष्मा पुसावा, अंगणात येऊन आभाळाकडं बघावं, अन् मी भिंतीच्या अलीकडं बाजेवर पडून ते ऐकावं. म्हाताऱ्या माणसाला याच्यापरीस जास्ती काय लागतं?

आता हे मास्तर कोण, ते सांगतो. व्यंकटराव मास्तर आमचे शेजारी. दोन घरांच्या मधी एक भिंत, ती बी छातीएवढी. मी सूर्यभान, रेल्वेतला रिटायर पॉइंट्समन. छत्तीस वर्षं चुडाव्याला अन् पूर्णेला लोकांच्या गाड्यांना रस्ता करून दिला, आपण मातर जागचा हललो न्हाई. शिक्षण चौथी. चौथी दोनदा केली, त्यामुळं हिशोबानं पाचवी धरायला हरकत न्हाई.

त्या चौथीत हे व्यंकटराव वर्गाचे मॉनिटर होते. गुरुजी बाहेर गेले की खडू घेऊन फळ्यापाशी उभं राहायचे अन् दंगा करणाऱ्यांची नावं लिहायचे. वर्गात पोरं बेचाळीस, फळ्यावर नाव एकच. कधी कधी तर मी शाळेत गेलेलोच नसायचो, तरी नाव असायचं. गुरुजी यायचे, फळा बघायचे, छडी उचलायचे. तवापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली, की यादीत नाव आलं म्हणजे मार ठरलेला. (हे ध्यानात ठेवा. पुढं ह्याच गोष्टीनं माझा घात केला.)

या गोष्टीला अठ्ठावन्न वर्षं झाली. मधल्या काळात मी मास्तरांच्या सायकलीची हवा सोडली, त्यांच्या पायताणाचे जोड बदलले, त्यांच्या नावानं एकदा सेलूहून बँडवाला बोलावला. पण मन भरलं न्हाई. अन् अशात आमच्या नागेशनं, माझ्या पोरानं, मास्तरांना घरच्या वाय-फायचा पासवर्ड देऊन टाकला. नागेश मालगाडीवर गार्ड हाय, स्वभावानं लय गरीब. आईवर गेलाय म्हणावं, तर आई तशी न्हाई. झालं, तवापासून मास्तर आमच्याच नेटवर रोज पहाटे सगळ्या पूर्णेला सुविचार धाडायलेत. मला बी धाडतात. माझ्याच घरातलं नेट वापरून मलाच सांगतात, की दुसऱ्याच्या वस्तूचा मोह धरू नये.

मग एक दिवस मोबाईलवर एका दाढीवाल्याचा व्हिडिओ बघण्यात आला. हैदराबादेकडचा असावा. म्हणला, "मियाँ, कंपनी का सिस्टम निकाल डालो, ये वाला डालो, फिर राउटर तुम्हारा गुलाम." त्याला फर्मवेअर म्हणतात म्हणे. मला आपलं इतकं कळलं, की इंजिन तेच, फक्त आतला ड्रायव्हर बदलायचा. नवा ड्रायव्हर आला की कोणाचं नेट कधी बंद करायचं, ते आपल्या हातात. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. नोकरीत पुस्तक एवढं वाचलं असतं तर स्टेशन मास्तर झालो असतो.

मंगळवारी दुपारी मोका सापडला. नागेश गाडीवर. सून रेणुका परभणीला गेलेली. आमची सरजाबाई, नागेशची आई, झोपलेली. (ती झोपली की घरात स्वराज्य असतं.) दाढीवाल्यानं सांगितलं तसं मी मोबाईलवरूनच सगळं केलं. राउटर लाल झाला, पिवळा झाला, दहा मिनिटं आंधळा झाला. शेवटी हिरवा लागला. मला एवढा आनंद झाला, की सवयीनं हात वर करून हिरवी झेंडी दाखवल्यासारखं केलं.

नवं पान उघडलं तर सगळं इंग्रजी. माझं इंग्रजी म्हणजे वॅगनवर लिहिलेलं असतं तेवढं. हळूहळू एकेक अक्षर लावत यादीच्या पानावर पोचलो. तिथं घरातल्या सगळ्या मोबाईलचे लांबलचक नंबर, अन् त्यात एकच नाव सरळ लिहिलेलं, व्यंकटराव. मास्तर घरातल्या पेल्या-वाटीवर नाव कोरून घेतात, फोनला बी त्यांनी नाव टाकलेलं. ते नाव मी उचललं अन् यादीत घातलं. तुम्हाला सांगतो, घालताना बोटाला खडू लागल्यासारखं वाटलं. खाली दोन बारके गोल होते, कोणत्या तरी एकात ठिपका द्यायचा होता. ते काय लिहिलंय ते मी वाचत बसलो न्हाई. वरच्यात दिला.

पान गोल गोल फिरायला लागलं. तेवढ्यात मास्तर अंगणात आले, आभाळाकडं बघितलं अन् डोक्यावरून हात फिरवला. मी उशीत तोंड खुपसून पोट दुखेस्तोवर हसलो. (गल्लीची लाइट गेली होती. पंखा बंद पडला म्हणून मास्तर बाहेर आले होते. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.) लाइट आली ती मध्यरात्री, तवा सगळे झोपलेले, त्यामुळं राउटरकडं कोणी बघितलं न्हाई.

आता खरी गोष्ट. बुधवारी अकरा वाजता रेणुकाची मुलाखत होती. पुण्याकडची एक संस्था, पोरांना घरून ऑनलाइन गणित शिकवायची नोकरी. रेणुका लग्नाआधी शाळेत शिकवायची. आता दोन वर्षं घरी हाय, पण भाकरी थापताना बी तोंडात अपूर्णांक. महिनाभर ती या अकरा वाजण्याची तयारी करायली होती. परभणीला गेली होती ती त्यासाठीच, लॅपटॉपचा कॅमेरा दुरुस्त करून आणायला. मला मुलाखत माहीत होती. बुधवार माहीत होता. फक्त मंगळवारनंतर लगेच बुधवार येतो, हे ध्यानात राहिलं न्हाई.

सकाळी आठला रेणुकानं लॅपटॉप उघडला अन् म्हणाली, "मामा, नेट लागंना गेलंय." (आमच्याकडं सून सासऱ्याला मामाच म्हणती.)

मी पेपरात तोंड घातलं. म्हणलं, लागंल की. त्याला बी सकाळी सकाळी आळस असंल.

नऊ वाजले. लॅपटॉप न्हाई, तिचा मोबाईल न्हाई, माझा न्हाई. माझ्या मोबाईलवर राउटरचं पान बी उघडंना. राउटरकडं बघावं तर सगळे दिवे हिरवेगार. छत्तीस वर्षांत असं बघितलं न्हाई, सगळे सिग्नल हिरवे अन् गाडी जागची हलायला तयार न्हाई. मोबाईलच्या नेटवर भागवावं म्हणलं, तर आमच्या गल्लीत त्याची रेंज म्हणजे रुसलेला जावई, उंबऱ्यापर्यंत येतो, दोन शब्द बोलतो, आत येत न्हाई. नागेशला फोन लावला, तो गाडीवर, फोन बंद.

मग मला दाढीवाल्याचं आठवलं, की काही बिघडलं तर तीस-तीस-तीस करा. राउटरला एक भोक असतं. त्यात पिन खुपसून तीस सेकंद दाबायचं, तसंच दाबून ठेवून तीस सेकंद वायर काढायची, मग वायर लावून पुन्हा तीस. याला तीन हात लागतात. मी सरजाबाईला हाक मारली. तिनं बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली अन् आकडे मोजायचं काम घेतलं. सरजाबाई विसापर्यंत मोजती, पुढं पुन्हा एकपासून. सव्वीसच्या आसपास भाजीवाली आली. ती मोजता मोजता दारात गेली, मेथीचा भाव केला अन् तिथूनच म्हणाली, "कुठवर आलो होतो?" पुन्हा पहिल्यापासून. असं चार वेळा झालं. माझा अंगठा बधिर, कंबर वाकडी, घामानं बनियन भिजलेलं. छत्तीस वर्षं रूळ बदलायचे लिव्हर ओढले तरी इतका दमलो नव्हतो.

रेणुका येऊन बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मामा, हे भोक भिंतीवर खिळ्याला अडकवायचं हाय."

सव्वादहाला तिनं उंबऱ्यात उभं राहून नेटच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून एक पोरगी गोड आवाजात बोलली, "मॅडम, तुमच्याकडे नेट उत्तम चालू आहे. आत्तासुद्धा कुणीतरी व्हिडिओ बघतंय."

आमी तिघांनी एकमेकांकडं बघितलं. कोणीच काही बघत नव्हतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, की लिंबाच्या फोडी करून घ्याव्यात, मग चवीपुरतं मीठ घालावं. कुठं अडकणं न्हाई, थांबणं न्हाई, सरळ चाललेलं. मास्तरांचा मोबाईल.

सगळ्या पूर्णेत त्या घडीला आमच्या नेटवर एकच माणूस चालू होता, अन् त्याचंच नाव मी यादीत घातलं होतं. म्हणजे ती यादी मार खाणाऱ्यांची नव्हती. ती आत सोडायच्या लोकांची होती. नाव असंल तो आत, बाकी सगळे बाहेर. यादी असली बी असती, हे मला अठ्ठावन्न वर्षांत कोणी सांगितलंच न्हाई.

रेणुकानं फोन ठेवला. तिचे डोळे भरलेले, पण आवाज शांत. म्हणाली, "मामा, काल तुमी काय केलं?"

ती ओरडली असती तर मी थाप मारली असती. सांगितलं सगळं. सरजाबाई एवढंच म्हणाली, की बँडवाला आला तवाच तुम्हाला चुडाव्याच्या गाडीत बसवून द्यायला पाहिजे होतं.

साडेदहाला मी मास्तरांच्या दारात उभा. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दारानं. मास्तर खुर्चीत, हातात फोन. मला बघून उठलेच. म्हणाले, "ये सूर्यभान, बस. सकाळपासून नेट काय पळायलंय रे. ही म्हणली, सूर्यभानरावांनी आपल्यासाठी नवं काहीतरी बसवलंय. मी सकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं बी, की असा बालमित्र मिळायला नशीब लागतं."

आतून त्यांच्या मंडळी, कावेरीवहिनी, ताटात धपाटे घेऊन बाहेर आल्या. म्हणल्या, तुमच्याकडंच धाडणार होते.

एवढा मोठा मार मला गुरुजींनी बी दिला नव्हता. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं, फळा, खडू, यादी, वरचा गोल. मास्तरांनी चष्मा काढला. म्हणाले, "चौथीतलं अजून धरून बसलास?"

"दोनदा केली मी चौथी," मी म्हणलं. "एकदा तुझ्यामुळं."

मास्तरांनी चष्मा परत चढवला. पायात चप्पल घातली अन् फोन घेऊन माझ्या पुढं चालू लागले.

आमच्या घरी आल्यावर मी म्हणलं, ह्याच फोनवरून यादी सरळ करून टाकतो. रेणुकानं माझ्या हातून फोन घेतला. म्हणाली, आता चालतंय तेवढं बी घालवू नका. तिनं मास्तरांचाच फोन तांब्याला टेकवून उभा केला अन् समोर बसली. मला अंगणात घालवलं. मी खिडकीतून बघायलो.

अकराला पडद्यावर एक बाई आली. फोनला नाव मास्तरांचं, त्यामुळं तिच्याकडं तेच दिसलं असावं. तिनं कागद बघत विचारलं, "व्यंकटराव?"

"हजर," मास्तर कोपऱ्यातून म्हणाले. चाळीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस, पण जीभ चौथीतलीच.

ती बाई हसली. रेणुकानं खरं काय ते दोन वाक्यात सांगितलं. मग गणित झालं, अपूर्णांक झाले. तिनं एका भाकरीचे असे तुकडे केले, की मला भूक लागली. शेवटी बाईनं विचारलं, वर्गात एखादा मुलगा सारखा खोड्या काढत असेल तर काय कराल?

रेणुकानं खिडकीकडं बघितलं. म्हणाली, "अशा एका मुलाचा मला घरीच अनुभव आहे. त्याला ओरडून उपयोग नसतो. त्याच्या मित्रालाच मॉनिटर करावं लागतं."

आठ दिवसांनी पत्र आलं. नोकरी लागली. मी गल्लीत पेढे वाटले, अन् माझ्यामुळंच लागली असं दोन घरी सांगून बी आलो. तिसऱ्या घरी सरजाबाई आधीच जाऊन बसली होती.

राउटर नागेशनं परत कंपनीचा करू म्हणलं. रेणुका न्हाई म्हणाली, हा नवाच बरा हाय. तिनं दुसऱ्या गोलात ठिपका दिला, तो मी द्यायला पाहिजे होता तो. आता यादी माझ्या मनासारखी हाय, खरी फळ्यासारखी, नाव आलं की बंद. राउटरचा पासवर्ड रेणुकाकडं अन् मास्तरांकडं हाय. तिचा दिवसभर वर्ग असतो, म्हणून यादीचं सगळं मास्तरच बघतात.

तुमी म्हणाल, सूर्यभान, मोबाईल असताना एवढं सगळं कागदावर पेनानं का लिहायलाय? काल दुपारी मी मास्तरांच्या सायकलीची हवा सोडली. आज संध्याकाळी सहापर्यंत माझं नाव फळ्यावर हाय.