दानिएलकाकांना झालेलं दर्शन

आमच्या कराडच्या चर्चमध्ये कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं, की मागच्या बाकावरून खाकरल्याचा आवाज येतो. ते आमचे शेजारी दानिएलकाका. "प्रभूनं माझी कंबरदुखी घालवली," असं एखादी बहीण डोळे मिटून सांगत असते आणि काका विचारतात, "इलाज काय चालला हुता?"

"इंजेक्शनं घेतली. पण बरं प्रभूनंच केलं."

"मग डॉक्टराच्या नावानं बी एक हालेलूया हुंद्या की!"

काका एसटी डेपोतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले. दिवा लागला, तर वायर कुठून आली हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. प्रभू मेलेल्यांतून उठला यावर त्याच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा शिष्य म्हणजे थोमा, म्हणून मंडळीत यांना थोमाकाका म्हणतात. "समद्या शिष्यांत डोकं चालवणारा त्यो एकटाच," असं म्हणून काका ते नाव मिरवतात.

चमत्कारांना आमच्याकडे तोटा नाही. चर्चच्या पाळकसाहेबांची स्कूटर उतारावर किक न मारता सुरू झाली, तर तोही चमत्कार. "उतारावर माझी बी हुती सुरू," काका म्हणाले. एकदा उपासनेत वीज गेली आणि 'प्रकाश होवो' हे वचन वाचताक्षणी परत आली. अर्धी मंडळी गुडघ्यावर. काका हात पुसत मागून आले. "आरं, फ्यूज मी बसिवला!"

पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "प्रभूनं तुम्हाला वापरलं." काका पुन्हा हात पुसत मागच्या बाकावर जाऊन बसले.

गेल्या हिवाळ्यात बाहेरगावच्या एका प्रचारकांनी मैदानावर प्रार्थनेनं आजार बरे करायची आरोग्यसभा घेतली. आमच्या गल्लीतली सुवर्णा तिच्या लेकीला, परीला घेऊन गेली. सुवर्णाच्या घरी उसाची शेती, नवरा फौजेत. ती काही ख्रिस्ती नाही, पण परीला जन्मापासून जवळजवळ ऐकूच येत नव्हतं आणि त्यासाठी तिनं देऊळ, दर्गा काही सोडलं नव्हतं. पोरीच्या कानाला मशीन होतं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे ती तिला सांगलीला नेत असे. त्यावरून सासू रोज टोमणे मारायची, "पोरीच्या कानात रेडिओ बसवलाय."

प्रचारकांनी स्टेजवर परीचं मशीन काढलं आणि तिच्या पाठीमागे माइकमध्ये आरोळी ठोकली. परी दचकून वळली. मैदान टाळ्यांनी दणाणलं.

"पोरीच्या पायाखालच्या फळ्या हादरल्या रं," काका माझ्या कानात ओरडले. "एवढ्या भोंग्यानं माझा मेलेला आज्जा बी वळला असता."

रविवारी सुवर्णा पेढे घेऊन पहिल्यांदाच चर्चमध्ये आली. "परीला ऐकू येतंय," ती सर्वांसमोर म्हणाली. "मशीन कपाटात टाकलं. सांगलीला जायाचं बी बंद केलं." तेवढ्यात बाहेर घंटा वाजली. पुढच्या बाकावर बसलेल्या परीनं मान वळवली नाही. मी पाहिलं. काकांनीही पाहिलं.

मागून खाकरल्याचा आवाज आला. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. सुवर्णानं पेढ्यांचा पुडा छातीशी धरला. काका उभे राहिले, तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला दर्शन झालं."

सगळी मंडळी मागं वळली.

"प्रभू म्हणला, काम सुरू केलंय, संपलं न्हाई. पोरीचं मशीन काढू नका. त्यातनंच मी तिच्याशी बोलणार हाय. आन् सांगलीची ती बाई माझंच माणूस हाय."

कंबरदुखीवाली बहीण इतकी वर्षं याच दिवसाची वाट बघत होती. "पुरावा काय, काका? कुठल्या भाषेत बोलले प्रभू?"

"आपल्याच की! सांगलीला जायाचं सांगायला बायबलातली इब्री कशाला पायजे?"

सुवर्णा रडत त्यांच्या पाया पडली. "आवं काका, घालते मशीन. देवच म्हणतोय म्हणल्यावर सासूबाई बी काय बोलायच्या न्हाईत."

परी आता थोडेफार शब्द बोलते. श्रेय अर्थातच काकांच्या दर्शनाला. संध्याकाळी त्यांच्या दारात लोक डोक्यावर हात ठेवून घ्यायला येतात. काका वैतागतात, पण हात ठेवतात आणि डोळे मिटून सांगतात, "प्रभू म्हणतोय, आधी रक्त तपासून घे." त्याच लोकांना डॉक्टरांनी सांगितलेलं कधी पटलं नव्हतं.

परवा सगळे गेल्यावर मी काकांच्या पायरीवर बसलो होतो. मार्थाकाकू गेल्यापासून काका एकटेच असतात. मी हळूच विचारलं, "काका, खरं सांगा. काही दिसलं होतं का?"

"न्हाई रं." काका माझ्या शेजारी टेकले. "मार्था आजारी हुती तवा प्रभूला लय हाका मारल्या. डॉक्टरांनी बी त्यांचं समदं केलं. न्हाई आला त्यो."

मी उठलो. "कडी लावून घ्या आतनं."

"मी लावतच न्हाई कडी," काका म्हणाले. "म्हणलं, कवा आलाच, तर उगं दारातनं माघारी जाया नगं."