सुतारमामांचं शेपूट

सुतारमामांना उजवीकडे वळायचं असलं की ते आधी डावीकडे जातात. सौदीतल्या दम्मामच्या सुपरमार्केटात डाळींच्या रांगेतून तेलाच्या रांगेत शिरायचं, तर ते पलीकडच्या बिस्किटांना जवळजवळ खांदा लावतात, मोठा अर्धगोल घेतात, आणि अर्धं वळण झालं की थांबून मागे बघतात. मागे काही नसतं. एखादी फिलिपिनो बाई आणि तिची ढकलगाडी असते. मामा तिला हाताने थांबायची खूण करतात, मागचं जे काही त्यांना दिसत असतं ते बिस्किटांना न घासता पार होऊ देतात, आणि मगच तेलाकडे जातात. बाई मुकाट्याने थांबते. त्या हातात असं काही आहे की माणूस थांबतोच. एकदा विमानतळावर एक पोलीससुद्धा थांबला होता.

मामांना मागे जे दिसतं, ते साधारण ऐंशी मीटर लांबीचं असतं. रिफायनरीत लागणारे लोखंडी मनोरे बंदरावर उतरतात आणि आडवे निजवून नेले जातात. त्यासाठी एकामागे एक ट्रेलर जोडतात, शंभराच्या वर चाकं लागतात, पुढे ओढायला दोन ट्रक आणि मागून ढकलायला एक. पुढचा ड्रायव्हर पुढची चाकं वळवतो. मागची चाकं वेगळा माणूस वळवतो, आणि तो माणूस गाडीत नसतो. तो छातीवर एक डबा बांधून, डब्यावरच्या दोन दांड्या हलवत, शेपटाच्या बाजूने पायी चालतो. महादेव सुतार, मूळ गाव गडहिंग्लज, गेली सव्वीस वर्षं हे काम करतात. ज्या देशात लोक समोरच्या मशिदीतही गाडी काढून जातात, त्या देशाचा निम्मा पूर्व किनारा मामांनी पायाखाली घातला आहे. सरळ रस्त्याला मागच्या जीपमध्ये बसायची मुभा असते. मामा बसत नाहीत. "जीपमधनं शेपूट दिसतंय, पर कळत न्हाई," म्हणतात.

माझी त्यांची ओळख कतीफच्या इस्पितळात झाली. मी तिथे पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे माणसांशी माझा संबंध नमुन्यापुरता. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या नूतनीकरणाच्या तपासणीला आलेल्या मामांनी रक्त दिलं, बाटलीवरचं नाव वाचलं, माझ्या कोटावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "डॉक्टर, मराठी न्हवं? मग ह्या टेबलाचं शेपूट दारात का आलंय?"

मी बघितलं. टेबल खरोखरच चार बोटं दारात आलं होतं. तीन वर्षं माझी मांडी त्यावर आपटत होती आणि मी तो नशिबाचा भाग समजत होतो.

"पुढचं कोण बी बघतंय ओ," मामा म्हणाले. "शेपूट बघा."

हे त्यांचं एकुलतं एक तत्त्वज्ञान, आणि ते कुठेही लागू पडतं. मराठी मंडळींच्या दिवाळीच्या जेवणाला मामा पहिल्या पंगतीत कधीच बसत नाहीत. शेवटच्या पानाला बासुंदी पोचली की नाही हे बघत वाढप्यामागून चालतात. मी त्यांना एक जाडजूड कादंबरी वाचायला दिली, ती त्यांनी शेवटच्या प्रकरणापासून उलटी वाचली आणि परत देताना सांगितलं, "चांगली हाय. सुरवातीला उगंच वळण घेतलंय." मी ती कादंबरी दोनदा वाचली आहे आणि मला या मतात आजवर चूक सापडलेली नाही. माझ्या लेकीला ते सायकल शिकवायला आले, तेव्हा सायकलच्या मागून हात वर करून "ये, ये, ये, बास!" असं ओरडत होते. तिने घरी येऊन तक्रार केली, "बाबा, ही वॉज पार्किंग मी."

मामांच्या कंपनीच्या यार्डाच्या कोपऱ्यात, मोडक्या ट्रेलरांच्या पलीकडे, एक जुना जर्मन ट्रक पडून होता. लांब नाकाचा, ज्याचं तोंड कुत्र्यासारखं पुढे आलेलं असतं तसला. मामा चार वर्षं दर शुक्रवारी त्याच्याखाली झोपत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चाकांवर वाळू चढली होती, बॉनेटमध्ये उंदरांची वस्ती होती आणि सीटखाली खजुराच्या बियांचा ढीग होता. "पेशंट कसा आहे?" मी विचारलं. "जिवंत हाय," मामा गाडीखालून म्हणाले. "फकस्त बोलत न्हाई."

जुन्या गाड्यांचं भंगार जिथे विकतात त्याला इथे तशलीह म्हणतात. लोखंडाची ती एक न संपणारी गल्ली असते. मामा तिथून एकेक अवयव आणत. ब्रेकचे ड्रम आले, दाराचं हँडल आलं, एकदा नुसताच हॉर्न आला आणि आम्ही तो बॅटरीला लावून दुपारभर वाजवला. माझ्याकडूनही मदत घेतली गेली. डिझेलच्या नळीतली हवा काढायला मोठ्या सिरिंजा लागतात, असं मामांचं म्हणणं पडलं. मी आणून दिल्या. माझ्या सबंध वैद्यकीय आयुष्यात सिरिंजचा इतका तात्काळ गुण आलेला मी पाहिला नव्हता.

मूळ रंगाचा शोध दोन महिने चालला. नंबरप्लेटच्या मागे नखाएवढा निळा सापडला. तो घेऊन मामा रंगाच्या दुकानात गेले आणि दुकानदाराने काढलेल्या अकरा निळ्यांना नकार देऊन परत आले.

एकदा मी सहज विचारलं, "मामा, झाल्यावर चालवणार कोण? तुम्ही?"

"मी?" ते पाना थांबवून माझ्याकडे बघत राहिले. "मला कुठं येतीय गाडी?"

चार वर्षं एका ट्रकचा जीव परत आणणाऱ्या माणसाला ट्रक चालवता येत नव्हता. हलक्या गाडीचं लायसन्सही नव्हतं. सव्वीस वर्षांत ते ड्रायव्हरच्या केबिनमध्ये कधी चढलेसुद्धा नव्हते. त्यांचं काम ऐंशी मीटर मागे होतं.

मग या कथेत फहद आला. कंपनीचे मालक अबू फहद म्हातारे, कमी बोलणारे. त्यांचा हा मुलगा मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, आणि परदेशातून डिझाइन शिकून आलेला. कंपनीच्या नव्या कचेरीचं उद्घाटन ठरलं होतं आणि फहदला दारात काहीतरी भव्य हवं होतं. त्याने लॅपटॉपवर चित्र दाखवलं. संगमरवरी चौथरा, त्यावर मामांचा ट्रक, भोवती कारंजं आणि उघड्या बॉनेटमधून येणारा निळा उजेड.

"हितं इंजिन हाय," मामांनी चित्रावर बोट ठेवलं.

"ते काढायचं," फहद इंग्रजीत म्हणाला. "दिवे बसवायचे आहेत."

मामा थेट अबू फहदकडे गेले. सोबत दुभाष्या म्हणून मला नेलं, पण माझं अरबी त्यांच्याइतकंच असल्याने मी नुसता उभा राहिलो. मामांनी सांगितलं की गाडी स्वतःच्या पायाने चौथरा चढेल. म्हाताऱ्याने बराच वेळ हातातली मिसबाह, म्हणजे जपमाळ, फिरवली. मग म्हणाला, उद्घाटनाच्या दिवशी चढली तर इंजिन राहील आणि दरवर्षी एकदा खाली उतरून फिरेल. नाही चढली तर क्रेन. खलास.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "क्रेननं उचलत्यात ते मढं."

उद्घाटनाला तीन आठवडे होते आणि इंजिन अजून एकदाही सुरू झालं नव्हतं. त्याच आठवड्यात डिझेलच्या पंपातला रबरी पडदा फाटला. तसा पडदा तशलीहमध्ये नव्हता, दम्मामात नव्हता. शेवटी कतीफच्या एका खजुराच्या बागेत, पाणी उपसायच्या जुन्या इंजिनात सापडला. बागवाल्याने तो लगेच दिला, कारण कधीकाळी त्याच्या बागेच्या भिंतीला न शिवता मामांनी एक मनोरा वळवला होता. ते त्याला आठवत होतं. मला पहिल्यांदाच जाणवलं की या देशात मामांना ओळखणाऱ्या बऱ्याच भिंती आहेत.

पडदा बसवता बसवता मामांनी सांगितलं की ड्रायव्हर येतोय.

"कोण?"

"शेरजमान. मक्केला उमऱ्याच्या यात्रंला येतोय, पाकिस्तानातनं, स्वातहून. त्याची गाडी हाय ही."

शेरजमान पठाण पुढच्या ट्रकवर होता, मामा शेपटाला. पंधरा वर्षं दोघं वॉकीटॉकीवर बोलले. एकमेकांचा चेहरा जेवायच्या वेळीच दिसायचा, पण आवाज दिवसभर कानात. आणि मग एका गावच्या चौकात, जिथे सिमेंटची दोन मजली उंच कॉफीची किटली उभी होती, वळताना मामांचं शेपूट किटलीला लागलं. चोच तुटून रस्त्यावर पडली. पाहुणचाराचं प्रतीक होतं ते. फार आरडाओरडा झाला.

"चूक माझी होती," मामा म्हणाले. "दांडी ढकलायची ऱ्हायली. माझं ध्यान न्हवतं. आणि मी सांगायच्या आधी शेरजमान खाली उतरून म्हणाला, मोड मैंने जल्दी काटा."

त्याला गाडीवरून काढून टायरच्या गोदामात टाकलं. दोन वर्षं टायर मोजून तो घरी गेला. लांब नाकाचा ट्रक कोपऱ्यात गेला. किटलीची चोच तुटल्याला आता अकरा वर्षं झाली.

"तुम्ही त्याला कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू?" मामांनी बोल्ट घट्ट आवळला, मग आणखी आवळला. "आदी गाडी उभी करतो. मग बोलतो."

ध्यान कुठे होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

उद्घाटनाला शामियाना होता, अत्तर होतं, सोनेरी पाठीच्या खुर्च्या होत्या, आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना दुसऱ्या रांगेतल्यांपेक्षा एक झालर जास्त होती. मी समोसा घेऊन मागे उभा राहिलो. चौथऱ्याला उतार लावला होता. थोड्या अंतरावर क्रेन तयार उभी होती, तिच्या हुकाला सणाची रिबन बांधलेली.

शेरजमान उंच, दाढी पूर्ण पांढरी, डोळ्यांवर जाड चष्मा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, निळ्या रंगावर तळहात ठेवला आणि मामांकडे बघून म्हणाला, "सुतार, तुम तो बुड्ढा हो गया." मामा म्हणाले, "तू कोनसा जवान है?" इतक्या वर्षांनंतरचं संभाषण तेवढ्यावर संपलं. शेरजमान चढला. मामा नेहमीप्रमाणे मागे चालू लागले. तो केबिनमधून ओरडला, "उधर क्या है? ट्रेलर है क्या? ऊपर आओ!"

मामा चढले. चढताना त्यांचा पाय दोनदा पायरीवरून घसरला.

फहदचं भाषण सुरू होतं. वारसा, दृष्टी, भविष्य असे शब्द कानावर येत होते. तेवढ्यात किल्ली फिरली. इंजिन खोकलं, गप्प झालं, पुन्हा खोकलं. क्रेनवाल्याने हातमोजे चढवले. तिसऱ्यांदा असा आवाज झाला की समोशाची बशी माझ्या हातात थरथरली, आणि काळ्या धुराचा एक गठ्ठा पहिल्या रांगेतल्या सगळ्या झालरींवरून सावकाश गेला. पाहुण्यांचे पांढरे थोब, म्हणजे पायघोळ अंगरखे, राखाडी झाले. भविष्य ऐकू येईनासं झालं. अबू फहद आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर हसले.

ट्रक निघाला. यार्डाला पूर्ण वळसा घालून उताराजवळ आला, आणि चढला नाही. पुढे गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ही सलामी असावी म्हणून. दुसरा वळसा झाला. पुन्हा उतार आला आणि मागे पडला. आता टाळ्या कमी पडल्या. फहदने घड्याळ पाहिलं. केबिनच्या काचेत मला शेरजमान दिसत होता, चष्मा काढलेला, तोंड उघडं, खांदे हलताहेत. त्याला काही होतंय की काय, असं डॉक्टर म्हणून माझ्या मनात आलं. पॅथॉलॉजिस्ट असल्याने मी धावलो मात्र नाही.

तिसऱ्या वळशाला लांब नाक उताराला लागलं, इंजिन घुमलं, आणि गाडी बोटभरही न चुकता चौथऱ्यावर जाऊन उभी राहिली. अबू फहदनी क्रेनवाल्याला हाताने जायला सांगितलं. तो रिबनसकट गेला.

पांगापांग झाल्यावर मामा चौथऱ्याच्या कडेला पाय सोडून बसले होते. मी शेजारी बसलो.

"सांगितलंत त्याला?"

"पैल्या फेऱ्यात."

"मग?"

"म्हणतोय, मला म्हाईत हाय. अकरा वर्सं म्हाईत हाय." मामा आपल्या पायांकडे बघत होते. "त्या दिवशी माझा फोन वाजला. वॉकीचं बटन दाबलेलंच ऱ्हायलं. त्यानं सगळं ऐकलं. मी वरडत होतो, रडत होतो. तो म्हणाला, हमको एक लफ्ज समझ नहीं आया, लेकिन आवाज खुशी का था. उस दिन तुम्हारा नौकरी कैसे जाने देता?"

मी जरा जवळ सरकलो.

"मग इचारलं त्यानं, बोल अभी, क्या हुआ था? मी म्हणालो, पोरगी धाव्वी पास झाली. तिसऱ्या बारीला. इंग्रजीत अडतीस."

"आणि?"

"आणि काय! हसायला लागला. अडतीस, अडतीस करत सुटला. उतार कुठं दिसतोय त्याला? म्हणून तर तिसरा फेरा. डोळे पुसून म्हणाला, फोन लगा उसको. लावला. गाडी चालू, आवाज ह्यो एवढा, आणि हा वरडतोय, बेटी, मुबारक हो! बहुत बहुत मुबारक हो! ती घाबरली. म्हणाली, बाबा, कोण हायत हे? कशाबद्दल मुबारक?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मला कुठं बोलाय येतंय तवा," मामा म्हणाले. "म्या फोन त्याच्या कानाला धरून ठेवला."