दत्तरावाच्या फॉन्टातलं स्वस्तिक

आमच्या गोरेगाव नावाच्या खेड्यात लग्नपत्रिका छापणारा दत्तराव रोज सकाळी कॉम्प्युटरमधल्या चिन्हांची हजेरी घ्यायचा. चपला बाहेर काढून बसायचा अन् पडद्याकडं बघून पुकारायचा, "ओम? हाय. चांद? हाय. क्रूस? हाय. धम्मचक्र? बराबर." गिऱ्हाईक ताटकळलं तरी हजेरी मोडायची नाही.

माझी बायको गेली. रिवाजाप्रमाणं पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं होतं. पत्रिका छापायला गेलो तर हा डोक्याला हात लावून बसलेला.

"आबा, स्वस्तिक गैरहजर हाय."

"म्हंजे?"

"नवा फॉन्ट टाकला, त्यात कंपनीनं ठेवलंच न्हाई. भाचा सांगून राहिला, तिकडं परदेशात एका हुकूमशहानं तसलंच चिन्ह झेंड्यावर लावून लाखो मानसं मारली. त्या मेलेल्यांच्या लेकरायला आजबी ते बघवत न्हाई."

"मंग माह्या पोरीची पत्रिका काहून बोडकी? आधी स्वस्तिक, मंग नाव, असं तिची माय सांगून गेली."

"चिडू नका. ज्याचं मानूस गेलं त्याला इचारा, काय काय बघवत न्हाई ते."

घरी बायकोची चहाची कपबशी समोर आली तरी मी तोंड फिरवत होतो.

"कलश टाकू? गणपती टाकू?"

"न्हाई."

दुसऱ्या दिवशी दत्तराव घरी हजर. हातात पातळ कागद अन् पेन्सिल. आमच्या चौकटीवर बायकोनं कुंकवानं काढलेलं स्वस्तिक होतं, फिकट झालेलं. त्यानं चपला काढल्या, कागद लावला अन् जीभ दातात धरून गिरवायला लागला.

"आबा, दम धरा. तुमच्या श्वासानं कागद हालून राहिला."

तेच त्यानं कॉम्प्युटरात घातलं. छापून झाल्यावर तोच पत्रिका घेऊन घरी आला. स्वस्तिकाचा एक हात लांब, खाली झुकलेला.

"वाकडं हाय की रे."

"वहिनीचं हाय. सरळ करू?"

"हात लावू नको!"

पहिली पत्रिका देवापुढं ठेवली. दुसरीवर 'श्री. दत्तराव, सहकुटुंब' लिहून तिथंच त्याच्या हातात दिली.

"कुटुंब कुठाय मला?" तो हसला. मग पत्रिका उलटीपालटी करत म्हणाला, "अख्ख्या गावाच्या छापल्या, आबा. कोनी मला दिली न्हाई. समजत असतील, यानंच छापली, याला ठावं हाय."

लग्नाच्या दिवशी दुकान बंद ठेवून, नवा सदरा घालून, वऱ्हाड यायच्या कितीतरी आधी तो मांडवात येऊन बसला होता.